पहिली फाइल हातानेच

दोन संगणक आहेत. एकावर फोनच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाशी बोलणारा प्रोग्रॅम आहे, दुसऱ्यावर नाही. तो दुसऱ्यावर न्यायचा कसा? आज हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण संगणक दुकानातून घरी येतो तो बोलायला शिकूनच येतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ज्यांनी हौसेनं घरी संगणक घेतला, त्यांच्यापुढे मात्र हा प्रश्न दत्त म्हणून उभा असे. मोडेम विकत आणावा, तारा जोडाव्यात, आणि मग ध्यानात यावं की मोडेम चालवणारा प्रोग्रॅम जिथे फुकट मिळतो ती जागा मोडेमच्या पलीकडच्या टोकाला आहे.

फ्लॉपीवरून आणता येईल, असं आपल्याला वाटेल. त्या काळच्या पुष्कळशा छोट्या संगणकांवर गॅरी किल्डॉल यांची सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चाले, म्हणजे प्रोग्रॅम सगळीकडे एकच. पण फ्लॉपीवर तो मांडून ठेवण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी. आठ इंची फ्लॉपीचा आयबीएमचा एक नमुना बहुतेकांना वाचता येई. सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि ही एकवाक्यता मोडली. एका कंपनीची फ्लॉपी दुसरीच्या यंत्रात घातली तर तबकडी फिरे, दिवा लागे, आणि वाचता येत नाही असा निरोप पडद्यावर येई. मजकूर तोच, वाचणाऱ्यालाही ती भाषा येते, पण पानं कुठल्या क्रमानं लावली आहेत ते ठाऊक नाही.

मी संगणकाच्या क्षेत्रातली नाही. भाषांतर हा माझा व्यवसाय. या इतिहासात शिरले ती ‘प्रोटोकॉल’ या शब्दापायी. एका तांत्रिक मजकुरात तो पानोपानी येत होता. ‘शिष्टाचार’ म्हटलं की सरकारी मेजवानी डोळ्यांपुढे येई, ‘नियमावली’ म्हटलं की सोसायटीच्या जिन्यातला फलक. मनासारखा शब्द काही मिळाला नाही, पण त्या शोधात जुन्या प्रोग्रॅमांचे सोर्स वाचायची सवय लागली. ते वाचण्यासारखे असतात.

त्यातला सगळ्यांचा पूर्वज वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांचा. हे शिकागोकडचे, आयबीएममध्ये नोकरीला. १९७७ साली त्यांनी असेंब्ली भाषेत ‘मोडेम’ याच नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि सीपी/एम वापरणाऱ्यांच्या मंडळाच्या संग्रहात देऊन टाकला. त्यातली योजना अशी: फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे करायचे. १२८च का, तर सीपी/एम फ्लॉपीवर एका वेळी तेवढंच लिहीत असे. तुकड्याच्या आधी सुरुवातीची खूण, मग तुकड्याचा क्रमांक, मग त्याच क्रमांकाचं उलटं रूप, म्हणजे क्रमांकच वाटेत बिघडला तर कळावं. मग मजकूर, आणि शेवटी सगळ्या बाइटांच्या बेरजेतला शेवटचा बाइट. बेरीज जुळली तर घेणारा ‘मिळालं’ अशी एका बाइटाची पोच देतो. नाही जुळली तर ‘मिळालं नाही, परत दे’. पुढे ही रीत एक्समोडेम या नावानं जगभर गेली. मला तिची सुरुवात फार आवडते. पाठवणारा आपणहून पाठवत नाही. तो गप्प बसून राहतो, आणि पलीकडून ‘मिळालं नाही’ असं आल्यावरच पहिला तुकडा सोडतो. काहीच पाठवलेलं नसताना आलेली ही तक्रार हीच तयारीची खूण.

१९७८च्या जानेवारीत शिकागोत मोठं हिमवादळ झालं आणि लोक घरांत अडकून पडले. ख्रिस्टेन्सन आणि त्यांचे मित्र रँडी स्यूस यांनी त्या दिवसांत एक संगणक असा उभा करायला घेतला, की ज्याला कुणीही फोन लावावा, निरोप वाचावेत, आपला निरोप ठेवावा. यंत्र स्यूस यांनी जोडलं, प्रोग्रॅम ख्रिस्टेन्सन यांनी लिहिला. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी सीबीबीएस सुरू झाला. फोन लावून वापरायचा संगणकावरचा हा पहिला सार्वजनिक सूचनाफलक. एका वेळी एकाच माणसाचा फोन लागे, आणि ३०० बॉड वेगानं सेकंदाला सुमारे ३० अक्षरं येत. माणूस त्याहून फार जलद वाचत नाही, तेव्हा वाचनाला हा वेग पुरे. फाइल उतरवायची तर तो जीवघेणा.

असे फलक वाढत गेले तसे त्यांच्यावर प्रोग्रॅम जमत गेले, आणि मोडेमच्या प्रोग्रॅमाची ताजी आवृत्ती तर नेहमीच तिथे. पण ती हाती लागली तरी तशीच चालत नसे. सीपी/एमला पडदा, कळफलक आणि फ्लॉपी यांच्याशी वागण्याची ठरलेली पद्धत होती. मोडेम ज्याला जोडायचा त्या सीरियल पोर्टला ‘अक्षर आलंय का?’ एवढं विचारायचीसुद्धा ठरलेली सोय नव्हती. मग प्रोग्रॅमनं ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला सारून थेट चिपशी बोलायचं. आता ही चिप राहते कुठे? केप्रो २ मध्ये अक्षरं ४ नंबरच्या पोर्टवर आणि त्यांची खबर ६ नंबरच्या पोर्टवर. ऑस्बोर्न १ मध्ये ती पोर्टवर नव्हतीच. ती मेमरीतल्या एका पत्त्यावर, तीही आड दडलेल्या भागात, त्यामुळे दर वेळी मेमरीची कूस बदलून तिला गाठायचं. (हे ऑस्बोर्न म्हणजे अ‍ॅडम ऑस्बोर्न, रमण महर्षींविषयी लिहिणाऱ्या आर्थर ऑस्बोर्न यांचे चिरंजीव. बालपण तिरुवण्णामलईत गेलं, आणि २००३ साली ते कोडाईकनालला वारले. उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणणाऱ्यांतले ते पहिले.) पत्ता सापडला तरी खबरीच्या बाइटातला कोणता बिट ‘अक्षर आलं’ म्हणतो, कोणता ‘आता पाठव’ म्हणतो, आणि ‘हो’ म्हणजे १ की ०, हे यंत्रागणिक वेगळं.

यावर तोड काढली ती ओव्हरलेची. मूळ प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी एका यंत्रापुरती लागणारी माहिती एकत्र ठेवायची, आणि तेवढ्याच भागाचं ठिगळ दर यंत्रासाठी वेगळं लिहायचं. मोडेम ७, आणि मग अर्व्ह हॉफ यांच्या हाताखाली वाढलेली एमडीएम ७ ही मालिका, यांच्यासाठी अशा ठिगळांची रांग लागली होती: केप्रोचं एक, ऑस्बोर्नचं एक, अ‍ॅपलमध्ये घालायच्या कार्डाचं एक. ठिगळ लावण्याचा विधीही ठरलेला. आपल्या यंत्राची ओव्हरले फाइल घ्या, तिच्यातले आकडे आपल्या चिपप्रमाणे सुधारा, असेंब्लरमधून काढा. मग डीडीटी या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमात मूळ मोडेम उघडून त्यावर हे ठिगळ चढवा, बाहेर पडा, आणि मेमरीत जे उरलं आहे ते सेव्ह करून टाका. सेव्ह करताना २५६ बाइटांची किती पानं ठेवायची ते आपणच सांगायचं. डीडीटी शेवटचा पत्ता दाखवतो सोळाच्या पायातल्या आकड्यांत, सेव्हला हवा असतो दहाच्या पायातला. हा हिशेब चुकला की प्रोग्रॅमचं शेपूट कापलं जाई, आणि ते नेमकं फाइल पूर्ण येऊन बंद व्हायच्या वेळेला कळे.

आकडा चुकला तर दुसरी एक गंमत. चुकीच्या पोर्टवर पाठवलेलं अक्षर परत येत नाही, तक्रार करत नाही, कुठेच जात नाही. पडदा कोरा. मोडेम बिघडला की तार, की फोन, की आपलं ठिगळ, हे सांगायला कुणी नाही. आणि विचारायचं ठिकाण तर त्याच तारेच्या पलीकडे.

या सोर्स फाइलींची डोकी वाचताना मला आपल्याकडच्या पोथ्या आठवतात. पहिलं पान नव्हे, शेवटचं, जिथे नकलकार आपलं नाव, गाव आणि तिथी लिहितो. इथे ते सगळं वरच्या बाजूला, ताजं आधी आणि जुनं खाली: अमुक तारखेला अमक्यानं तमक्या यंत्राची सोय केली, अमक्यानं ती सोय करताना झालेली चूक काढली. ज्याच्या हाती प्रत आली त्यानं भर घातली आणि पुढे दिली. मग प्रतींचा सुळसुळाट होतो, एका नावाखाली चार निराळे प्रोग्रॅम फिरू लागतात, आणि कुणातरी एकाला बसून सगळ्या प्रती पुढ्यात घेऊन एक शुद्ध प्रत करावी लागते. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत एकनाथांना शके १५०६ मध्ये हेच करावं लागलं होतं. हॉफ यांच्याशी नाथांची तुलना मी करत नाही. पण काम त्याच जातीचं. फरक एवढाच की पोथीत चूक राहिली तर अर्थ बिघडतो आणि वाचणारा तो सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही.

मूळ प्रश्न राहिलाच: ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं सुरुवात कुठून करायची? सगळ्यात सोपा मार्ग माणसांचा. त्याच कंपनीचं यंत्र असलेला कुणी मंडळात भेटला तर त्याच्याकडून फ्लॉपी. तसा कुणी नसला तर ज्याच्याकडे प्रोग्रॅम आहे त्याचा संगणक उचलून आपल्या टेबलावर आणायचा आणि मोडेम मधून काढून टाकायचा. दोन्ही सीरियल पोर्ट एका तारेनं जोडायचे, मात्र २ आणि ३ नंबरच्या पिनांची अदलाबदल करून, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येईल. मग सीपी/एममध्ये फाइलींची ने-आण करणारा जो पिप हा मूळचाच प्रोग्रॅम, त्याला सांगायचं की या पोर्टवरून जे येईल ते फाइलीत लिही.

यात पेच असा की पिप अशा वेळी मजकूर घेतो, प्रोग्रॅम घेत नाही. प्रोग्रॅमचे बाइट म्हणजे काहीही असू शकतं, आणि त्यातला २६ हा बाइट आला की फाइल संपली असं सीपी/एम समजतो. म्हणून प्रोग्रॅम आधी हेक्स रूपात लिहायचा: प्रत्येक बाइटासाठी दोन अक्षरं, तीही फक्त शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली. ओळीच्या सुरुवातीला विसर्गचिन्ह, मग ओळीत किती बाइट आहेत ते, मग पत्ता, मग बाइट, आणि शेवटी त्या ओळीची बेरीज. पसारा दुपटीहून अधिक, पण वाचता येतो, छापता येतो, फोनवर कुणाला सांगता येतो, आणि वेळ पडली तर टंकताही येतो. पलीकडे पोचल्यावर लोड नावाचा प्रोग्रॅम बेरजा तपासून त्याचा पुन्हा चालता प्रोग्रॅम करतो. ज्यांच्याजवळ दुसरा संगणक आणायचीही सोय नव्हती ते कागदावरची यादी समोर ठेवून डीडीटीत एकेक बाइट हातानं भरत. सगळा मोडेम ७ कुणी भरत बसत नसे. एक इवलासा प्रोग्रॅम भरायचा, ज्याला एवढंच येतं: अक्षर घे, मेमरीत ठेव. त्याच्याकडून थोडा मोठा आणायचा, आणि मोठ्याकडून खरा.

कमोडोर आणि अ‍ॅपल यांच्याकडे ही कसरत जरा कमी होती, कारण ज्याच्याजवळ कमोडोर ६४ आहे त्याच्या शेजाऱ्याकडचा कमोडोर ६४ अगदी तसाच असे. तऱ्हा तिथेही होत्या. कमोडोरचा स्वस्त व्हिकमोडेम वापरायचा तर फोन आपण फिरवायचा, पलीकडची शीळ ऐकू आली की रिसीव्हरची वेटोळ्याची वायर फोनमधून उपटून मोडेममध्ये खुपसायची. कमोडोर ६४ मध्ये सीरियल चिपच नव्हती. प्रोसेसर स्वतः वेळ मोजून एकेक बिट तारेवर ठेवी, आणि म्हणून वेग वाढवला की त्याची तारांबळ उडे. शिवाय त्याची अक्षरांची लिपीसंहिता ॲस्कीहून वेगळी: रोमन लहान अक्षरांच्या जागी मोठी आणि मोठ्यांच्या जागी लहान. मधे तक्ता न लावता बोललं तर प्रत्येक वाक्य डोक्यावर उभं. आणि अ‍ॅपल २ आपल्या मजकुराच्या फाइलींत प्रत्येक अक्षराचा आठवा बिट विनाकारण १ करून ठेवी.

हा आठवा बिट पुढे महत्त्वाचा आहे. ॲस्की सात बिटांची, म्हणून तीत १२८ खुणा. त्यांतल्या पहिल्या ३२ आणि शेवटची एक या दिसत नाहीत. त्या आज्ञा असतात: ओळ बदल, घंटा वाजव, थांब. उरल्या ९५ छापता येणाऱ्या, रिकाम्या जागेसकट. बाइट मात्र आठ बिटांचा, आणि आठवा बिट ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं वापरला. कुणी अ‍ॅपलसारखा, कुणी पडद्यावर चित्रं काढायला, आणि कितीतरी मोठ्या संगणकांच्या तारांवर तो बिघाड पकडण्यासाठी राखून ठेवलेला असे, म्हणजे त्यात घातलेली वस्तू पलीकडे पोचतच नसे. ख्रिस्टेन्सन यांची योजना आठही बिट जसेच्या तसे जातील या विश्वासावर उभी होती. दोन हौशी माणसांमधल्या सरळ फोनवर हा विश्वास रास्तच होता.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तसं नव्हतं. तिथे एकीकडे डेकची मोठी यंत्रं, दुसरीकडे आयबीएमची, जी ॲस्की बोलतच नसत, आणि विद्यार्थ्यांना डिस्कवर मिळणारी जागा अगदी तुटपुंजी. आपलं काम विद्यार्थ्यानं फ्लॉपीवर स्वतःजवळ ठेवावं म्हणून १९८१ साली फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी एक प्रोटोकॉल रचला. छोटा संगणक होता सुपरब्रेन नावाचा, सीपी/एमवर चालणारा. प्रोटोकॉलला नाव दिलं कर्मिट, मपेट्समधल्या बेडकाचं, आणि बेडकाच्या मालकांची रीतसर परवानगी घेतली.

कर्मिट वाटेवर विश्वास ठेवत नाही. मधली तार आज्ञा गिळेल, आठवा बिट पुसेल, फार लांब वाक्य तोडेल, हे तो गृहीत धरतो, आणि त्या ९५ खुणांबाहेरचं जवळजवळ काहीच तारेवर ठेवत नाही. आज्ञेचा बाइट आला तर आधी # हे चिन्ह, आणि मग त्या बाइटात ६४ मिळवून होणारं अक्षर. ओळ संपल्याच्या दोन खुणा अशा रीतीनं #एम#जे होऊन जातात. आठवा बिट १ असेल तर आधी & घालायचं आणि बाकीचे सात पाठवायचे. आकडेसुद्धा ३२ मिळवून अक्षर म्हणून पाठवायचे. पाकिटाची लांबी अशा एका अक्षरातच सांगायची असल्यामुळे मूळच्या कर्मिटचं पाकीट ९६ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे. सगळं मिळून तो एक्समोडेमपेक्षा संथ. हौशी मंडळी त्याला नाकं मुरडत, आणि त्यांच्या फोनपुरतं त्यांचं बरोबरही होतं. पण जिथे दुसरं काही पोचत नसे तिथे कर्मिट पोचे. फाइलीआधीचं पहिलं पाकीट ओळखीचं: मला एवढी लांबी झेपते, इतका वेळ मी वाट पाहीन, माझी चिन्हं ही. पलीकडचाही आपली सांगतो, आणि ज्याला कमी येतं त्याच्या पायरीवर दोघं उतरतात. ‘प्रोटोकॉल’ला माझ्या मनातला सगळ्यात जवळचा शब्द इथे सुचला होता, ‘रीतभात’. संपादकांनी तो ठेवला नाही.

कर्मिट नसलेल्या यंत्रावर पहिला कर्मिट पोचवायचा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. आयबीएम पीसीसाठी त्यांनी प्रोग्रॅम बू नावाच्या रूपात दिला: तीन बाइटांची चार छापील अक्षरं. तो उलगडणारा चिमुकला प्रोग्रॅम बेसिकमध्ये, आणि ज्याला बेसिक नको त्याच्यासाठी इतर भाषांतही. तेवढा टंकायचा. पुढचं यंत्र करी.

आता आपल्याकडे येते. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संहिता १९९१ साली भारतीय मानक झाली. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्र तिच्यावर चाले. तिचा खालचा अर्धा भाग म्हणजे जशीच्या तशी ॲस्की, आणि आपली सगळी अक्षरं वरच्या अर्ध्यात, म्हणजे प्रत्येकाचा आठवा बिट १. क हा १७९. सात बिटांच्या तारेवरून जाताना त्यातून १२८ गळाले की उरतो ५१, आणि ५१ म्हणजे ॲस्कीतला तीनचा आकडा. क ख ग घ यांचे ३ ४ ५ ६ होतात. ‘मराठी’चं काय होतं ते मी मांडून पाहिलं: रोमन एल, ओ, झेड, मग ‘पेक्षा मोठा’चं चिन्ह, मग उलटी तिरपी रेघ. यातून परत ‘मराठी’ कुणी वाचणार नाही. त्याच तारेवरून कर्मिटनं नेलं तर शब्द धडपणे पोचतो, पण दर अक्षराला एक & लागून दुप्पट होऊन. सगळा मजकूरच वरच्या अर्ध्यातला असेल तर हे फार महाग पडतं, म्हणून कर्मिटच्या पुढच्या आवृत्त्यांत ‘इथून वरचा अर्धा सुरू’ असं एकदाच सांगायची सोय झाली. ॲस्कीबाहेरच्या लिप्या वापरणाऱ्यांची ती गरज होती. इंग्रजीला तिची गरज कधीच पडली नाही.

रशियनांनी हीच अडचण निराळ्या तऱ्हेनं सोडवली होती. त्यांच्या कोई-८ या संहितेत बहुतेक सिरिलिक अक्षरं त्यांच्या उच्चाराच्या रोमन अक्षराच्या बरोबर १२८ घरं वर बसवलेली आहेत. आठवा बिट गळाला तर रशियन मजकूर रोमन लिपीत उरतो, लहान-मोठी अक्षरं उलटीपालटी झालेला, पण वाचता येण्याजोगा. याची किंमत म्हणजे रशियन वर्णक्रम मोडला; कोशातली यादी लावायची तर वेगळा हिशेब करावा लागे. इस्कीनं वर्णमाला राखली: स्वर, मग कवर्ग, चवर्ग, आणि एकाच आकड्यावर देवनागरी, बंगाली, तमिळ, कन्नड सगळ्यांचा क. लिपी बदलायची खूण घातली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत. कोई-८ची मांडणी आपल्याला जमणारीही नव्हती, इतकी अक्षरं रोमनच्या घरांत मावत नाहीत. तरी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले की वाटतं, एकानं मोडक्या वाटेचा विचार आधी केला, दुसऱ्यानं घराच्या रचनेचा. पुढे युनिकोडनं देवनागरीची घरं लावली ती १९८८च्या इस्कीवरून, आणि आज मी हे ज्या कोष्टकातून लिहिते आहे त्यात तोच क्रम आहे.

कर्मिटचा दुसरा एक नियम भाषांतरकाराला टोचणारा. मजकुराची फाइल असेल तर पाठवणारा ती आपल्या बोलीतून एका मधल्या ठरीव रूपात आणतो आणि घेणारा मधल्या रूपातून स्वतःच्या. आयबीएमला डेकची बोली शिकावी लागत नाही. वीस तऱ्हेची यंत्रं असतील तर थेट ३८० दुभाषे लागले असते, मधलं रूप धरलं की ४० पुरतात. आपल्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत; थेट जायचं तर ४६२ वाटा. कन्नडमधून मराठीत कादंबरी येते ती पुष्कळदा हिंदीतून किंवा इंग्रजीतून, याचं कारण हेच अंकगणित. आणि मधल्या रूपात ज्याला घर नाही ते दोन्ही टोकांना असूनही पोचत नाही, हा तोटाही तोच. कर्मिटच्या माणसांना हे नीट ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वापरणाऱ्याकडून आधी वदवून घेतलं: ही फाइल मजकूर म्हणून पाठवू, की बाइटाला हात न लावता? मजकूर समजून प्रोग्रॅम पाठवला तर तो पलीकडे चालत नाही. मला कुणी असा पर्याय दिलेला नाही.

भारतात घरातून इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५पासून, विदेश संचार निगमकडून, आणि त्यातलं स्वस्त खातं नुसत्या अक्षरांचं होतं. घरचा संगणक त्या वेळी मोठ्या संगणकाचा केवळ पडदा-कळफलक होई, आणि तिकडे आलेली फाइल घरी आणायला पुन्हा कर्मिट किंवा झेडमोडेम. अमेरिकेतली मराठी मंडळी त्याआधीपासून यूझनेटवरच्या मराठी गटात लिहीत होती, रोमन अक्षरांत. अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स त्यातूनच पुढे जाणारं: ण हवा तर मोठा एन, ळ हवा तर मोठा एल. ‘मराठी’ लिहिताना त्यात तीन मोठी अक्षरं शब्दाच्या पोटात बसतात. दिसायला ओबडधोबड, पण ९५ खुणांत मावणारं आणि कुठल्याही तारेवरून धड पोचणारं. देवनागरी त्यातून नंतर बिनचूक काढता येई.

कोलंबियानं कर्मिटचा प्रकल्प २०११ साली बंद केला आणि सोर्स सगळ्यांना खुला केला. जुने केप्रो आजही कुणाकुणाच्या माळ्यावरून खाली उतरतात आणि चालू होतात. मग तीच अडचण, उलट्या दिशेनं: नव्या लॅपटॉपला फ्लॉपीच नाही. लॅपटॉपच्या यूएसबीतून सीरियल तार काढायची, २ आणि ३ची अदलाबदल करायची, केप्रोवर पिप सुरू करायचा आणि लॅपटॉपवरून कर्मिटची हेक्स फाइल सोडायची, मोठी असेल तर भाग पाडून. लॅपटॉपला आधी प्रत्येक ओळीनंतर थांबायला सांगून ठेवावं लागतं. केप्रोचा प्रोसेसर २.५ मेगाहर्ट्झचा, एक ओळ उतरवून होईस्तोवर दुसरी आली तर तो ती गाळतो, आणि कुठली गाळली ते लोड चालवेपर्यंत कळत नाही. सगळ्या ओळी संपल्या की केप्रोला कंट्रोल-झेड पाठवायचं. मग लोड बेरजा तपासतो, आणि हिरव्या पडद्यावर कर्मिटचं नाव येतं.